गहू नको, डाळ द्या. दिवाळीत नको, मृगाआधी द्या

प्रश्न थोडक्यात असा: जळगावातले बाराजण मिळून साठ हजार रुपये जमवत आहेत. दिवाळीआधी नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर गहू, तांदूळ, फराळ आणि जुने कपडे वाटायचा विचार आहे. शिवाय शहरात लग्नांमध्ये उरलेलं अन्न स्टेशनवर आणि सरकारी दवाखान्याबाहेर पोचवावं का, आणि पावती-कराचं काय, असंही विचारलं आहे.

पैसे जमवताय ते चांगलंच, पण यादी आणि महिना दोन्ही बदला.

आधी महिन्याचं. सातपुड्यात दिवाळीच्या सुमाराला घरात जेवढं धान्य असतं तेवढं वर्षात एरवी नसतं. मका, ज्वारी, मोर (बारीक भरडधान्य), उडीद नुकतंच निघालेलं असतं. त्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या बारडोली-सुरतकडे उतरतात. म्हणजे तुमचं पोतं पोचतं तेव्हा घरात दाणा असतो, आणि खाणारी माणसं चार-आठ दिवसांत निघून जाणार असतात. फराळाचं तर सोडूनच द्या. तिकडचा मोठा सण होळी. त्यासाठी माणसं तोडीवरून परत येतात. चकली-शंकरपाळे ही आपली हौस आहे, त्यांची गरज नाही.

खरी ओढ लागते ती जेठ सरता सरता, आणि भादव्यापर्यंत टिकते. साठवणीचं संपलेलं असतं, हातातला पैसा बियाण्यात गेलेला असतो, पेरणी-निंदणी स्वतःच्याच शेतात असल्यामुळे मजुरी नसते, आणि पावसामुळे लेकरांना ताप-जुलाब लागलेले असतात. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घ्यायची वेळ अनेकांवर ह्याच दिवसांत येते. दवाखाना, तेल-मीठ, बियाणं यासाठी घेतलेली ती रक्कम दिवाळीनंतर ऊसाच्या फडात फेडावी लागते, आणि नवरा-बायकोची जोडी (तिलाच ‘कोयता’ म्हणतात) तोडीला निघाली की मुलांची शाळा-अंगणवाडीही सुटते. तुमच्या डाळ-तेलानं मोठी उचल थांबणार नाही, हे मान्य. किराण्यासाठी घेतली जाणारी छोटी उचल मात्र थांबू शकते.

अडचण अशी की भुकेचे महिने आणि घाट बंद पडायचे महिने एकच. चांदसैली घाटात जोराच्या पावसात दरड येते, आणि आतल्या पाड्यांच्या कच्च्या रस्त्यावर गाडी रुतते. ‘आषाढात ट्रक पाठवू’ म्हणणाऱ्यांचा माल शहाद्यात किंवा तळोद्यात उतरवून पडतो, आणि तिथून वर न्यायचं भाडं मालाच्या किमतीला भिडतं. म्हणून कॅलेंडर असं धरा: आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) पाडा आणि यादी पक्की, रोहिणी नक्षत्रात खरेदी, मृगाआधी सगळा माल वर पोचून कुलपात. वाटप मात्र तिथून पुढे महिन्या-महिन्यानं. एकदम वाटलं तर तेल पाहुण्यांत आणि डाळ उधारी फेडण्यात जाते. यात त्या माणसांची चूक नाही. ज्याच्यावर उधारी आहे तो ती आधी फेडणारच.

आता यादी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय (सगळ्यात गरीब घरांच्या) कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते फुकट केलेलं आहे. हिशेब मांडून बघा: ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम, जेमतेम ५७० किलोकॅलरी. राबणाऱ्या माणसाला दोन हजारांहून जास्त लागतात. म्हणजे रेशन पोटाचा चौथा हिस्सा भरतं, आणि तोही नुसत्या पिठूळ अन्नानं. डाळ, तेल, शेंगदाणा यांतलं काहीच त्यात नाही. अशा ताटात आणखी गहू ओतून काय साधणार? भाकरी असते, तिच्यासोबत खायला मिरची-मीठ असतं. नसतं ते वरण. सरकारनंही २०२०-२१ मध्ये खावटी अनुदान म्हणून आदिवासी कुटुंबांना ४,००० रुपये दिले तेव्हा निम्मे खात्यात टाकले आणि निम्म्याच्या वस्तू दिल्या. त्या वस्तूंत मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, तेल, मीठ होतं, गहू नव्हता.

पाच माणसांच्या घराला एका महिन्याचा संच असा बांधा:

तूर, मूग किंवा मसूर डाळ ३ किलो (दोन प्रकार मिसळून द्या)
खाद्यतेल २ लिटर
शेंगदाणे २ किलो, किंवा तेवढ्यासाठी शेंगा पावणेतीन-तीन किलो
गूळ १ किलो
आयोडीनयुक्त मीठ १ किलो
लाल तिखट पाव किलो, हळद १०० ग्रॅम
अंगाचा आणि कपड्यांचा साबण

यात माणशी दिवसाला २० ग्रॅम डाळ, १३ मिली तेल आणि १३ ग्रॅम दाणे पडतात. फार नाही, पण भाकरीला वरणाचा आधार होतो. बाजारभावानं संच साधारण हजार ते बाराशे रुपयांत बसतो. खरेदीच्या दिवशी दाणाबाजारातला भाव घेऊन पुन्हा बेरीज करा. ११५० धरले तर तीन महिन्यांचे एका घराचे ३,४५० होतात. पंधरा घरांचे ५१,७५०. भाडं, पोती, हमालीला सहा हजार ठेवले की तुमच्या साठ हजारांत दोन-अडीच हजार शिलकीत राहतात, ते फाटलेल्या पिशव्या आणि अचानक लागणाऱ्या गाडीभाड्यासाठी लागतीलच.

फक्त पंधरा घरं? हो. दीडशे घरांना चारशे रुपयांची पिशवी दिली तर फोटो चांगला येतो आणि सहाव्या दिवशी पिशवी संपते. पंधरा घरांचा अख्खा पावसाळा निघाला तर तो दिसत नाही, पण निघतो. त्यातही मोठ्या गावातली पंधरा ‘गरीब’ घरं निवडू नका. पंधरा-सोळा घरांचा एक छोटा पाडा घ्या आणि सगळ्यांना सारखं द्या. निवड केली की भांडण येतं, आणि निवडणारा कार्यकर्ता तिथे वर्षभर राहतो. तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं जळगावला परत येता. पाडा ठरवताना अंगणवाडी सेविका आणि आशा यांना विचारा. कुठल्या घरात वजन न वाढणारं लेकरू आहे, कुठे म्हातारी एकटी आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. यादी मोठ्यानं वाचून दाखवा, आणि ती पावरी किंवा भिलोरीत बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. म्हाताऱ्या बायका मराठीला मान डोलावतात, पण कळलेलं असतंच असं नाही.

खरेदीत जळगावकरांना एक सोय आहे जी दुसऱ्यांना नाही: गावात डाळमिला आहेत. चकचकीत पॉलिश केलेली डाळ घेऊ नका, तो पैसा चकाकीचा असतो. तुकडा डाळ मागा. दाणा अर्धा-पाव झालेला असतो एवढंच. शिजते लवकर आणि स्वस्त पडते. मात्र चुरी वेगळी. तिच्यात टरफल आणि माती येते आणि ती गुरांच्या आंबोणाला जाते. नमुन्याची मूठ पाण्यात टाकून बघा: पाणी गढूळ झालं किंवा वर भुसा तरंगला तर परत करा. तेलाच्या पाकिटावर लिटर नव्हे, ग्रॅम वाचा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. सारखीच दिसणारी पाकिटं ८५० आणि ७५० ग्रॅमची निघतात, आणि ‘दहा रुपये स्वस्त’ मिळालेलं पाकीट प्रत्यक्षात महाग असतं. सुटं तेल घ्यायचं नाही.

साठवण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि बहुतेक माल तिथेच वाया जातो. खोली पक्क्या छपराची हवी. पोती जमिनीवर नकोत. खाली लाकडी फळ्या, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब. मातीच्या भिंतीला टेकलेलं पोतं आठ दिवसांत ओल धरतं. डाळ नेण्याआधी दोन उन्हं द्या. मे महिन्याचं खान्देशी ऊन फुकट आहे. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओला आहे. मग घट्ट तोंडाच्या प्लास्टिक पिंपात भरा, वर वाळलेला कडूनिंबाचा पाला. सेल्फॉसच्या (धान्यातली कीड मारायच्या) गोळ्या टाकायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. त्यातून फॉस्फिन वायू निघतो. बंद खोलीत, शेजारी माणसं झोपलेली असताना तो जीव घेतो.

तेल आणि डाळ एका पोत्यात कधीच नको. एक पाकीट फुटलं की सगळी डाळ खवट होते. तेलाची खोकी पाच थरांच्या वर रचू नका, खालची दबतात. गूळ पावसात पाझरतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याचा गूळ डब्यात ठेवा, किंवा सरळ वगळून दाणे वाढवा. शेंगदाण्याचं जास्त जपा. सोललेला दाणा ओल लागली की बुरशी धरतो, आणि त्या बुरशीचं विष (अफ्लाटॉक्सिन) भाजल्यानं किंवा कुटल्यानं पुरतं जात नाही. ते यकृतावर जातं. पहिल्या महिन्यासाठी दाणे चालतील, पुढच्या दोन महिन्यांसाठी वाळलेल्या शेंगाच ठेवा. काळपट, सुरकुतलेला, कडू दाणा दिसला तर निवडून बाकीचे वाटत बसू नका, ती पिशवीच बाजूला काढा. कुलपाला दोन किल्ल्या आणि त्या दोन वेगळ्या घरांत, म्हणजे एकट्याला उघडता येणार नाही असं दुहेरी कुलूप. मोजमाप सगळ्यांसमोर, काट्यावर.

दिवाळीत काहीतरी करायचंच असेल तर धान्य वाटण्यापेक्षा मोठं काम आहे: तोडीला निघण्याआधी कार्डं दुरुस्त करून द्या. पाचजणांच्या घरात दोन नावं कार्डावर नसतील तर महिन्याला १० किलो, वर्षाला १२० किलो धान्य बुडतं. एवढं धान्य तुमची कुठलीही पिशवी भरून देणार नाही. कुठे अडतं ते असं. नवी सून: माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला नसतो, म्हणून सासरी चढत नाही. लहान मुलं: जन्मदाखला किंवा आधार नाही. विभक्त झालेला मुलगा: बापाच्याच कार्डात अडकलेला. आणि तालुक्याचा इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) भरलेला असला तर अर्ज बरोबर असूनही नाव थांबतं. तेव्हा पोच घ्या, तारीख लिहून ठेवा आणि मृत किंवा कायमची स्थलांतरित झालेली नावं कमी होतील तेव्हा आपला अर्ज पुढे येतो का ते विचारत राहा. अंत्योदयचा एक चकवा लक्षात ठेवा: आठ माणसांच्या घराला ३५ किलो मिळतं, तर प्राधान्यात ४० मिळालं असतं. ‘अंत्योदय म्हणजे जास्त’ हे लहान कुटुंबापुरतंच खरं.

ई-केवायसी, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवणं, हे दुसरं अडणं. कोयता आणि माती यांनी अंगठ्याची रेघ झिजलेली असते, यंत्र घेत नाही. हात साबणानं धुऊन, कोरडे करून दहाही बोटं एकेक लावून बघा; नाहीच घेतलं तर डोळ्याचं यंत्र किंवा चेहऱ्यावरून करायचं ‘मेरा ई-केवायसी’ ॲप. मुलांचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावं लागतं, तेही बघा. एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे गुजरातेतही धान्य उचलता येतं, आणि घरी राहिलेले आजी-आजोबा आपला वाटा इथे घेऊ शकतात. पण फडावरच्या माणसाला हे माहीत नसतं आणि कार्ड घरी ट्रंकेत असतं. बारा अंकी कार्ड क्रमांक आणि आधार क्रमांक एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक टोळीसोबत द्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच दुकानात जा म्हणावं. बाहेरच्या कार्डाचा माल शेवटी उरत नाही. पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, ई-पॉसची (दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राची) पावती मागायची, तक्रार १९६७ वर. ह्या कामाला पैसा कमी आणि माणसं जास्त लागतात. तुम्ही बाराजण आहात, दोन शनिवार-रविवार पुरेत.

लहान मुलांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित आहे, १२.५ पर्यंत मध्यम. तीव्र कुपोषित लेकराला लाडू, तूप, भरपेट जेवण देऊन ‘भरून काढायचं’ नसतं. उपाशी शरीराला एकदम अन्न दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि मूल दगावू शकतं. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पोचवायचं. मुक्काम साधारण १४ दिवसांचा असतो आणि आई बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवशीच निघून येते. तिला कळत नाही म्हणून नव्हे. घरी आणखी दोन मुलं आहेत आणि निंदणी आहे म्हणून. तुमचे पैसे इथे लावा: जायचं-यायचं भाडं, घरच्या मुलांना सांभाळणाऱ्या आजीला महिन्याचा संच, जमलं तर शेतावर चार दिवसांचा मजूर. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या मात्र अजिबात वाटू नका. १९९२ च्या कायद्यानं ते मना आहे, आणि पावसाळ्यातल्या पाण्यात कालवलेली पावडर म्हणजे जुलाबाला आमंत्रण. घरात नको झालेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठेही नकोत; साड्या-शर्टांचा ढीग पाड्याच्या कडेला कुजताना दिसतो तो असाच आलेला असतो. द्यायचंच तर नवीन ताडपत्री किंवा घोंगडी.

आता शहरातलं. लग्नातलं उरलेलं अन्न उचलायचं तर नियम कडक ठेवा, नाहीतर उचलूच नका. आपल्याकडे लग्नं एप्रिल-मेमध्ये, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या खाली आलं की जंतू वाढतात, आणि असल्या उन्हात तासाभराच्या वर ते बाहेर राहता कामा नये. पंक्तीत किंवा टेबलावर मांडलेलं काहीही घेऊ नका, फक्त वाढायला न काढलेल्या टोपातलं. बट्टी चांगली टिकते, ती बिनघोर घ्या. वांग्याची भाजी आणि वरण वाफाळत असेल तरच. भात सगळ्यात फसवा: वास येत नाही, पण कोमट ठेवलेल्या भातात जंतू असं विष सोडतो की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. मठ्ठा, बासुंदी, खव्याचं, अजिबात नाही. कुणाकडून, किती वाजता शिजलं, किती वाजता दिलं, याची वही ठेवा. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे विनियम आहेत, आणि नोंदणीशिवाय हे काम नियमित करता येत नाही. म्हणून नव्या गटानं ज्यांच्याकडे नोंदणी, गाडी आणि झाकणाची भांडी आहेत त्यांना हातभार लावावा, वेगळा संसार मांडू नये.

केळीचं सोपं आहे. रावेर, सावदा, फैजपूरकडे कापणी चालू असते तेव्हा आखूड फण्या छाटणीत निघतात, शेतकरी हसत देतात. हिरवी नेऊन वाटू नका, लोकांकडे पिकवायला जागा नसते. टोकाला हिरवट राहिलेली पिवळी वाटा, म्हणजे दोन दिवस मिळतात. कार्बाइडनं पिकवणं बेकायदा आहे.

दवाखान्याबाहेर स्वतः शिजवून द्यायचं असेल तर आधी दुपारी काय मिळतं ते बघा. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर दुपारी दहा रुपयांत थाळी मिळते. रिकामी राहते ती संध्याकाळ. शंभर माणसांच्या खिचडीला तांदूळ ८ किलो, डाळ ३ किलो, तेल १ लिटर, लसूण पाव किलो, हळद-जिरं ५०-५० ग्रॅम, मीठ ३५० ग्रॅम (शेवटी चाखून वाढवा), आणि दाण्याचं कूट दीड-दोन किलो. पाणी ३५ लिटर, पातेलं साठ-सत्तर लिटरचं. माणशी साडेचारशे ग्रॅम, दोन मोठे डाव. तूरडाळ असेल तर तासभर आधी भिजवा, नाहीतर तांदूळ गळतो आणि डाळ कच्ची राहते. मसूर किंवा मुगाला ती कटकट नाही. बुडाला लागली तर खरवडू नका, वरची खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढा, जळका वास खाली राहतो. हे जेवण रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. वॉर्डातल्या रुग्णाला नर्सला विचारल्याशिवाय काही देऊ नका; कुणाला मीठ बंद असतं, कुणाचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असतं.

पैशाचं थोडक्यात. तुम्ही बाराजण स्वतःचे पैसे घालताय तोवर कुठल्या परवानगीची गरज नाही. दुकानोदुकानी फिरून वर्गणी मागायची झाली आणि तुमची नोंदणी नसेल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. संस्थेला देणगी देऊन आयकरातली सवलत (८०-जी म्हणून ओळखतात ती) हवी असेल तर दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, वस्तूंच्या देणगीवर ती मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर मुळातच नाही. संस्था निवडताना मागच्या वर्षाचा ताळेबंद मागा, आणि एक प्रश्न विचारा: श्रावणात तुमचा माणूस पाड्यावर मुक्कामी असतो का?

वाटप संपल्यावर, नवरात्राच्या सुमाराला पुन्हा वर जा आणि प्रत्येक घरी तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: आधी काय संपलं, काय शेवटपर्यंत पडून राहिलं, आणि काय बाजारात विकावं लागलं. तेल पंधराव्या दिवशी संपलेलं आणि हळद तशीच असेल, तर पुढच्या वर्षी हळद काढून तेलाचं तिसरं पाकीट घाला.